साडीच्या फोटोत खरी मॉडेल की कॉम्प्युटरची? सल्ला हवाय

येवल्याची_सून

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं येवल्यात पैठणीचं काम आहे, सासऱ्यांच्या आधीपासूनचं. दोन माग घरात आणि चार विणकर बाहेर. लॉकडाऊनमध्ये दुकानात चिटपाखरू फिरकेना तेव्हा मी इन्स्टावर पेज काढलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घ्यायला लागले, हळूहळू बस्तान बसलं. दिवाळीआधी एकदा आणि लग्नसराईआधी एकदा असं वर्षातून दोनदा नाशिकला शूट करतो. फोटोग्राफर, मेकअपवाली, साडी नेसवणारी आणि मॉडेल. मॉडेल म्हणजे गेली चार वर्षं एकच मुलगी, नाशिकचीच, आता घरच्यासारखी झालीये, माझ्या नणंदेच्या लग्नात वाढायला पण होती. दिवसाचं सगळं धरून तीसेक हजाराला जातं, जेवणखाण आणि गाडी वेगळी.

तर झालं असं की पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, तो सुट्टीत आला आणि म्हणाला काकू कशाला पैसे घालवता. पलंगावर साडी पसरली, मोबाईलने फोटो काढला, कुठल्याशा अ‍ॅपमध्ये टाकला आणि मी चहा गाळेपर्यंत पंधरा फोटो तयार. एक बाई वाड्याच्या दारात उभी, एक तुळशीपाशी, एक कुठल्या तरी परदेशातल्या पुलावर. बाई इतकी सुंदर की आमचे हे दोन मिनिटं काही बोललेच नाहीत 😀 खर्च म्हणाल तर नाटकाच्या दोन तिकिटांएवढा पण नाही.

मी पण खुश झाले, खोटं कशाला बोलू. पण त्याच संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला, "ताई, या वर्षी दिवाळीचं शूट कधी धरायचं, मी तारखा मोकळ्या ठेवतेय." मला बोलताच येईना. सांगते म्हटलं आणि ठेवला फोन. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

विचारायचं ते असं की १) असे फोटो वापरले तर ते कॉम्प्युटरचे आहेत असं लिहावं लागतं का, २) कोणी वापरलेत का, विक्री होते का, गिऱ्हाईक ओरडत नाही ना, आणि ३) त्या मुलीला काय सांगू.

कॅमेरा_आणि_कटिंग

ताई तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण बाकीचं सांगतो. मी अंधेरीत सतरा वर्षं कपड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढतोय, म्हणजे आधी असिस्टंट, लाईट उचलण्यापासून.

लोकांना मॉडेल म्हटलं की रॅम्पवर चालणारी उंच बाई दिसते. ती बाई कुठेही जाणार नाही, तिचं नाव विकलं जातं. जातेय ती कॅटलॉगवाली मुलगी, जी सकाळी सातला लोकल पकडून येते आणि दिवसाला साठ-सत्तर कपडे बदलते, कुर्ती घाल, समोरून, बाजूने, पाठीमागून, क्लोजअप, उतरव, पुढची. तिचं नाव कोणाला माहीत नसतं, कित्येकदा तर गळ्यावर फोटो कापलेला असतो. आणि ती गेली की तिच्यामागे मेकअप दादा गेला, हेअरवाली गेली, इस्त्रीवाला गेला, मागून पिना लावणारी मुलगी गेली, स्पॉट दादा गेला, डबेवाल्या काकू गेल्या. माझ्या सेटवर नऊ माणसं असायची. गेल्या महिन्यात एका क्लायंटने फक्त मला बोलावलं, कपडे टेबलावर सपाट ठेवून काढायला, बाकी आम्ही बघून घेतो म्हणाला. नऊच्या जागी एक, आणि तो एक पण किती दिवस.

आणि हे काही काल-परवाचं नाही हां. २०११ ला एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीने त्यांच्या वेबसाईटवर काय केलं होतं, शरीर कॉम्प्युटरने बनवलेलं, सगळ्या बायकांचं एकच, एकच पोझ, डावा हात तसाच कमरेवर, आणि त्याच्यावर खऱ्या मुलींची डोकी चिकटवलेली, कातडीचा रंग डोक्याला मॅच करून घेतलेला. लोकांच्या लक्षात आलं, बोंबाबोंब झाली, तेव्हा कंपनीने मान्य केलं की हो, शरीर खरं नाही. तेव्हा आम्ही स्टुडिओत ते फोटो बघून हसलो होतो. म्हटलं असं कोण करणार इथे, मुली स्वस्तात मिळतात.

आता त्या मुलींपेक्षा स्वस्त मिळतंय.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, विक्री होते. लेगिंग, प्लेन टीशर्ट, नाईट सूट, तिथे होतेच. पैठणीचं माहीत नाही, कारण पैठणी कोणी फोटोतल्या बाईकडे बघून घेत नाही, काठाकडे बघून घेतं. तुम्ही ते पंधरा फोटो नीट झूम करून बघितलेत का? बाईकडे नाही, पदराकडे.

आजीची_नऊवारी

झूमवरून आठवलं, माझा किस्सा ऐका.

मार्चमध्ये मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता म्हणून एका साईटवरून तयार नऊवारी मागवली, शिवलेली. फोटोतली बाई एकदम झकास, नथ-बिथ, अंबाडा, गजरा. ऑर्डर देऊन मोकळी झाले आणि मग आईला फोटो पाठवला. आईचा दोन मिनिटांत फोन, "अगं हिचा काष्टा कुठाय?" बघते तर खरंच की, समोर निऱ्या सहावारीसारख्या आणि खाली पाय मात्र धोतरासारखे वेगळे, आणि मागचा फोटो दिलेलाच नव्हता. पदर उजव्या खांद्यावर. गुजराती पद्धत म्हणावं तर ती पुढे येते, हिचा मागे गेलेला. मंगळसूत्र गळ्यातून निघून ब्लाऊजच्या काठात विलीन झालेलं, कुठे संपतं पत्ताच नाही. आणि नथ दोन्ही नाकपुड्यांना जोडलेली, बैलाच्या वेसणीसारखी. आई म्हणाली, "ही बाई शिंकणार कशी?"

आलेली साडी फोटोतल्यासारखी नव्हतीच, रंग वाईन म्हणून सांगितला होता तो आला वांगी, आणि कापड असं की काडेपेटी दाखवली तर भुर्रकन पेटेल. परत करायला गेले तर म्हणे "फोटो केवळ सादरीकरणासाठी आहेत". मग चार दिवस चॅटवर त्या रोबोटशी भांडले. बाई कॉम्प्युटरची, तक्रार ऐकणारा कॉम्प्युटरचा, पैसे तेवढे माझे खरे.

त्यामुळे ताई गिऱ्हाईक ओरडत नाही ना याचं उत्तर, ओरडतं. मी ओरडते.

सायकलवरचा_पुणेकर

मी सध्या अ‍ॅमस्टरडॅमला असतो, थोडंफार या क्षेत्राच्या जवळ काम करतो म्हणून लिहितो, लांबलं तर सोडून द्या.

इथल्याच लालालँड नावाच्या कंपनीबरोबर लिवाईसने मार्च २०२३ मध्ये जाहीर केलं होतं की आम्ही एआयने बनवलेल्या मॉडेल वापरून बघणार, कारण काय तर सगळ्या वर्णांच्या, सगळ्या मापांच्या बायका दाखवता येतील. लोक असले भडकले की बास. म्हणजे सावळी बाई दाखवायची आहे, तर सावळ्या बाईला काम द्या ना राव! तिचं चित्र काढून काय दाखवताय. काही दिवसांत कंपनीला खुलासा करावा लागला की आम्ही खरी शूट्स कमी करत नाही आहोत वगैरे. त्यानंतर सव्वा वर्षाने, जुलै २०२४ ला स्पेनच्या मँगो या कपड्यांच्या ब्रँडने टीनएजर मुलींच्या कलेक्शनची अख्खी कँपेन एआयने केली, कपडे खरे आणि मुली खोट्या, आणि ते लपवलं नाही तर स्वतःच मिरवलं. एवढ्यात हवा इतकी बदलली.

आता वरच्या ताईंच्या साडीचा रंग का बदलला ते. हे अ‍ॅप तुमच्या साडीचा फोटो कापून बाईला चिकटवत नाही. ते साडी बघतं आणि तशी दिसणारी दुसरी साडी पहिल्यापासून रंगवतं, आधी लाखो फोटो बघितलेले असतात त्याच्या अंदाजावर. प्लेन टीशर्टमध्ये अंदाज चुकायला जागाच नसते. पण बारीक, परत परत येणारी नक्षी असली की प्रत्येक बुट्टी त्याला नव्याने कल्पून काढावी लागते, म्हणून दहावी बुट्टी पहिलीसारखी येत नाही.

आणि पैठणीत तर अजून एक भानगड आहे, धूपछाँव. ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा, बाणा म्हणजे आडवा धागा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे अंग हललं की रंग हलतो. पलंगावर वरून काढलेल्या एका फोटोत एकाच कोनातला रंग असतो. निरीच्या घडीत तो काय दिसेल हे त्या फोटोत नाहीच, मग अ‍ॅप तरी कुठून आणणार. ते आपलं सावली म्हणून काळा मारून देतं.

बाईच्या बाबतीत पण तेच, जे जास्त बघितलंय ते जास्त काढतं. तुम्ही काही न सांगता भारतीय स्त्री म्हटलं तर कशी येते करून बघा.

गाऊनवाला_उल्हासनगर

सगळे एका बाजूनेच बोलताय म्हणून मी दुसऱ्या बाजूने बोलतो, शिव्या घालायच्या तर घाला.

माझं गाऊन आणि नाईट सूटचं छोटं काम आहे, सहा मशीन. एका पीसमागे मला वीस-पंचवीस रुपये सुटतात, साईटचं कमिशन आणि रिटर्न धरून कधी तेही नाही. मॉडेल घेऊन शूट करा हा सल्ला मला कोणी देऊ नका. एआय यायच्या आधी आम्ही काय करत होतो सांगू का? सुरतच्या कॅटलॉगचे फोटो उचलत होतो. मीच नाही, अख्खं मार्केट. एकाच बाईचा एकाच गाऊनमधला फोटो दोनशे दुकानांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायचा आणि प्रत्येकाचं कापड वेगळं. तिला त्याचे पैसे एकदाच मिळाले, शूटच्या दिवशी. फोटो तेव्हा पण खोटाच होता की. बाई खरी होती एवढंच.

त्याच्या आधी तर आमच्या वडिलांनी मिसेसला, म्हणजे माझ्या आईला, दुकानाच्या दारात गाऊन घालून उभं केलेलं, गल्लीने वर्षभर चिडवलं तिला.

आज मी माझ्या स्वतःच्या गाऊनचा फोटो टाकतो, त्यात बाई खोटी आहे पण गाऊन माझा आहे. मला तर ही सुधारणाच वाटते.

कॅमेरा_आणि_कटिंग

गाऊनवाले भाऊ, शिवी कशाला घालू, खरं आहे तुमचं. सुरतेला मी पण गेलोय शूटला, एका दिवसात दोन कॅटलॉग उडवायचे, साडीला मागून अठरा पिना आणि ब्लाऊजला क्लिपा, समोरून फिटिंग कसं सुंदर. कपड्याबद्दल खोटं बोलायला आम्हीच शिकवलं कॅमेऱ्याला, एआयने ते आमच्याकडूनच उचललं असणार.

पण एक फरक सांगतो. पिना लावल्या तरी कापड तिथे असायचं. जाड असेल तर जाड पडायचं, सुळसुळीत असेल तर मुलगी दर दोन मिनिटाला पदर सावरायची. कितीदा असं झालंय की मॉडेलच म्हणाली सर हे टोचतंय, किंवा हात वर होत नाहीये मुंढ्यात, आणि मालकाने पॅटर्न बदलला. फुकटचं टेस्टिंग होतं ते. खोट्या बाईला टोचत नाही.

पाच_फूट_सात

बरेच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

मी कोल्हापूरची, मुंबईत आठ वर्षं कॅटलॉग करते. वर कॅमेरावाल्या दादांनी लिहिलंय तीच मुलगी, गळ्यावर कापलेली. माझे हात, माझी कंबर, माझी पाठ तुम्ही सगळ्यांनी बघितलीये, मला मात्र ओळखत नाही कोणी 😄

काम कमी झालंय का, हो. आधी महिन्याला बारा-चौदा दिवस असायचे, आता चार-पाच. पण मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. दीड वर्षापूर्वी एका ठिकाणी बोलावलं (नाव घेत नाही), म्हणाले फिटिंग आहे. गेले तर सगळीकडे कॅमेरे, आणि मला म्हणाले साध्या टाईट कपड्यात सावकाश गोल फिर, हात वर, हात खाली, हस, हसू नको, डावीकडे बघ. चाळीस मिनिटं. अर्ध्या दिवसाचे पैसे दिले, चहा दिला, कागदावर सही घेतली. सही आपण सगळ्याच करतो हो, लाईनमध्ये मागे दहा जणी उभ्या असतात, वाचायला कोण थांबतंय. घरी येऊन वाचलं तर लिहिलेलं, "सध्या ज्ञात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या कोणत्याही माध्यमात, कोणत्याही स्वरूपात बदल करून, कायमस्वरूपी." आता कुठे तरी माझी कंबर काम करत असेल, माझ्याशिवाय. मध्ये एका साईटवर एक बाई बघितली, तोंड वेगळं पण उभं राहायची पद्धत माझी, मी उजव्या पायावर भार टाकते, लहानपणी डावा गुडघा मोडला होता म्हणून. मी असेन किंवा नसेन, कोणाला विचारणार.

म्हणून एच अँड एमने २०२५ मध्ये तीस मॉडेल्सचे डिजिटल जुळे, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या हुबेहूब प्रतिकृती, करायचं ठरवलं ते मी खूप बारकाईने वाचलं. त्यात जुळ्याचे हक्क मॉडेलकडे राहणार असं ठरलं होतं, ती ते दुसऱ्या ब्रँडला पण देऊ शकते, आणि वापरलं की तिला पैसे. २०११ ला ज्यांनी डोकी चिकटवली तेच हे. म्हणजे सुधारता येतं माणसाला. आणि न्यूयॉर्कमध्ये १९ जून २०२५ पासून कायदाच लागू झाला, मॉडेलचं डिजिटल रूप करायचं असेल तर वेगळी लेखी परवानगी, ते कशासाठी, किती दिवस, किती पैसे हे सगळं त्यात पाहिजे. वेगळी म्हणजे नेहमीच्या कागदात घुसडून चालत नाही. आपल्याकडे तसं काही आलं तर मी पहिली पेढे वाटीन.

अजून एक. ते भारतीय स्त्री करून बघा म्हणालेत ना, मी केलं. गोरी, नाक चाफेकळी, वय बावीस. मी सावळी आहे, को-ऑर्डिनेटरनी मला कितीदा "डस्की मध्ये ऑप्शन" म्हणून पाठवलंय, म्हणजे मुख्य म्हणून नाहीच. वाटलं होतं निदान कॉम्प्युटरला तरी रंगाचं काही नसेल. आणि जिथे काळी बाई बनवली तिथे पण बघा काय, २०१७ ला शुडू नावाची जी डिजिटल सुपरमॉडेल आली, काळीशार, अप्रतिम देखणी, तिला बनवणारा ब्रिटिश गोरा फोटोग्राफर. पुढच्या वर्षी बालमँ या फ्रेंच फॅशन कंपनीने तिला जाहिरातीत घेतलं. काळ्या बाईला मोठं काम मिळालं आणि पैसे कोणाकडे गेले?

येवल्याच्या ताई, तुमच्या त्या मुलीला जे काय असेल ते फोन करून सांगा पण सांगा. आम्हाला कोणी नाही म्हणत नाही हो, नुसते फोन येणं बंद होतं.

काळा_कोट

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात. हा सल्ला नाही, माहिती आहे, फी लागणार नाही.

जाहिरातवाल्यांची स्वनियमन संस्था आहे, अ‍ॅस्की, मुंबईतच आहे, त्यांच्या २०२१ च्या इन्फ्लुएन्सर नियमावलीतच म्हटलंय की आभासी इन्फ्लुएन्सर असेल तर समोर खरा माणूस नाही हे ग्राहकाला कळलं पाहिजे. ते इन्फ्लुएन्सरपुरतं झालं. केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये आयटी नियम बदलायचा मसुदा काढला, त्यात तर कृत्रिम चित्रावर दहा टक्के जागा व्यापेल एवढं लेबल लावा असं होतं. पैठणीच्या फोटोवर दहा टक्के म्हणजे अख्खा काठ गेला. फेब्रुवारी २०२६ च्या अंतिम नियमांत ती दहा टक्क्यांची अट गेली, ठळक लेबल मात्र राहिलं, म्हणजे दिशा कुठली आहे ते कळतं. फ्रान्समध्ये तर एआयच्या आधीपासून, १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं तर "फोटोत फेरफार" असं लिहावं लागतं, नाही लिहिलं तर ३७,५०० युरोपर्यंत दंड.

तुमच्यासाठी बाई हा मुद्दा बाजूला ठेवा, साडी बघा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळेस दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल दाखवल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. "फोटो केवळ सादरीकरणासाठी" हे वाक्य म्हणजे जादूचा ताईत नव्हे. नऊवारीवाल्या ताई, तुम्ही भांडलात ते बरोबरच होतं.

पाच फूट सात, तुमचा कागद एखाद्या वकिलाला नक्की दाखवा. आपल्याकडे फोटोचा कॉपीराईट मॉडेलचा नसतो, पैसे देऊन काढून घेणाऱ्याचा असतो, दुसरा करार नसेल तर. पण चेहरा, आवाज, ओळख हा वेगळा हक्क कोर्टं मानायला लागलीत. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसलेंच्या आवाजाची एआय नक्कल थांबवली. अर्थात त्या आशाताई, त्यांची ओळख कोर्टात सिद्ध करावी लागत नाही. गळ्यावर कापलेल्या फोटोतल्या मुलीची ओळख सिद्ध कशी करायची हा खरा पेच आहे आणि त्यावर माझ्या माहितीत एकही निकाल नाही.

सायकलवरचा_पुणेकर

गोरी, चाफेकळी, बावीस वरून एक जोड. वोग या फॅशन मासिकाच्या अमेरिकन आवृत्तीत ऑगस्ट २०२५ ला गेस या कपड्यांच्या ब्रँडची जाहिरात आली होती ना, सोनेरी केसांची बाई, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात एआय लिहिलेलं. ती बनवणाऱ्या कंपनीच्या मालकिणींनी मुलाखतीत सांगितलं की आम्ही वेगवेगळ्या वर्णाच्या बायका पण इन्स्टावर टाकून बघितल्या, त्यांना लाईक येत नाहीत. आणि जाड बाई का नाही, तर म्हणे तंत्रज्ञान अजून तेवढं पुढे गेलेलं नाही. आठ बोटांची बाई येते, पुलावर उभी येते, चंद्रावर उभी येते, फक्त एक्सएल येत नाही.

आजीची_नऊवारी

😂😂 मी एक्सएल. कळलं, मागे मागवलेला एक गाऊन मला का होत नव्हता.

गाऊनवाला_उल्हासनगर

ताई माझ्याकडे फाईव्ह एक्सएलपर्यंत आहे, मेसेज करा. बाईचा फोटो बघू नका, मापाचा तक्ता बघा.

येवल्याची_सून

बापरे, इतके प्रतिसाद. सगळ्यांचे आभार, एकेक वाचला, काही यांना पण वाचून दाखवले.

कॅमेरावाल्या दादांनी झूम करायला सांगितलं तेव्हा मी फोटो मोठ्या कॉम्प्युटरवर लावले आणि सासऱ्यांना बोलावलं. अण्णा आता माग चालवत नाहीत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण खुर्ची ओढून बसले. बाईकडे ढुंकून बघितलं नाही त्यांनी. पदरावर बोट ठेवून मुनिया, म्हणजे विणलेले छोटे पोपट, मोजायला लागले. आमच्या त्या पदरावर मुनियांची जी ओळ आहे ती दोन-दोन समोरासमोर असते. फोटोत मध्येच तीन एका बाजूला बघणाऱ्या, एकीला चोच नाही, आणि शेवटची तर मुनियाच नाही, कोयरीचं पान झालंय तिचं. मोराचे पाय गायब. काठ नारळी, तो खांद्यापाशी नारळी होता आणि खाली पायाशी येईपर्यंत कसलेसे त्रिकोण. अण्णा मला म्हणाले, "ही साडी कोणी विणली?" मी म्हटलं अण्णा आपलीच आहे, कपाटातली, आणून दाखवली. त्यांनी ती मांडीवर घेतली, मग परत स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही. ही आपली नाही. ही विणताच येणार नाही, दोरा कुठून वळवायचा इथे?"

मग पुतण्याने जरा दुरुस्त करून बघितलं, दुसरं अ‍ॅप, तिसरं अ‍ॅप. थोडं सुधारलं. चोच आली, पण मुनिया सहाच्या सात झाल्या. आणि पदराची उलटी बाजू दाखव म्हटलं तर त्याने आत सगळे धागे लोंबताना काढले, मशीनच्या साडीसारखे. आमची सगळी विक्रीच त्यावर आहे हो! हातमागाची पैठणी उलटीकडून पण सुलटीसारखी दिसते, गिऱ्हाईक पहिल्यांदा पदर उलटवूनच बघतं.

तर ठरलंय ते असं. शूट करायचं, पण एक दिवस नाही, अर्धा दिवस, आणि नाशिकला स्टुडिओ घेऊन नाही तर इथेच, येवल्यात, आमच्या माडीवर, उजेड चांगला येतो दुपारी. त्या मुलीला फोन केला. तिला सगळं खरं सांगितलं, पुतण्याचं अ‍ॅप पण. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली ताई अर्ध्या दिवसाचे अर्धे पैसे नका देऊ, पाऊण द्या, यायला-जायलाच दिवस जातो माझा. दिले कबूल करून. आणि कागदावर सही घेताना फोटो कशासाठी वापरणार, अ‍ॅपमध्ये टाकणार नाही, दोन वर्षांनंतर परत विचारणार, हे मी माझ्या हाताने लिहिणार आहे, पाच फूट सात ताई, तुमचं वाचून. बरोबर लिहिलंय का ते काळा कोटवाले साहेब बघतील का जरा, फी म्हणून एक पैठणी नाही पण चिवडा नक्की पाठवीन.

मागचे पूल-बिल मात्र पुतण्याच लावणार आहे. त्याची तेवढी हौस ठेवलीये. अण्णा म्हणाले मागे माग दाखव, पूल कशाला, त्यावर अजून घरात चर्चा सुरू आहे.

आता अडचण एकच, नेहमीची साडी नेसवणारी बाळंतपणाला गेलीये माहेरी. नाशिक, कोपरगाव, मनमाड या बाजूला कोणी चांगली नेसवणारी माहितीत आहे का? सहावारी आणि नऊवारी दोन्ही यायला पाहिजे. काष्ट्यासकट.

पाच_फूट_सात

ताई मेसेज केलाय. माझी मैत्रीण आहे मनमाडची, सेटवर माझ्या साड्या तीच नेसवायची, काम सुटल्यावर गावी गेलीये. पिना स्वतःच्या आणते.